एका सतरा अंकी संख्येचे कुलशील

१२३४५६७८९८७६५४३२१

वर लिहिलेली संख्या सतरा अंकी आहे. एकापासून नवापर्यंत चढायचे आणि पुन्हा एकापर्यंत उतरायचे, इतकी ती लिहायला सोपी. अंकलिपी नुकतीच हाती आलेले मूलही ती न चुकता लिहील. वाचताना मात्र भल्याभल्यांची जीभ अडखळते. कोटीपर्यंतचे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत, अब्ज अंदाजपत्रकाच्या बातमीत भेटतो, त्यापुढे आपण नुसते अंक मोजत बसतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा स्वतंत्र नावे दिलेली आहेत. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचावी लागेल : १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश आणि १ एक. अठरापैकी सतरा घरे भरली. परार्धाचे तेवढे रिकामे राहिले.

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा मोठ्या संख्यांची हौस या मुलखाला नवी नाही.

ही संख्या किती मोठी? दर सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता कोणी मोजायला बसले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. जालना जिल्ह्यात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरून बनला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. म्हणजे आज मोजणी संपायची असेल तर मोजणाऱ्याला आपल्या पायाखालची जमीन तयार होण्याच्याही फार पूर्वी सुरुवात करायला हवी होती. खिशातल्या आठ-दहा अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावत नाही. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात ती टाकली तर बहुधा पंधरा अंक शाबूत राहतात आणि शेवटच्या २ व १ यांच्या जागी शून्ये बसतात. कागदावर मात्र ती सुखाने मावते. पुढे जे काही आहे ते सारे कागद-पेन्सिलीचे काम आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे बेरीज, गुणाकार व भागाकार यांपलीकडचे हत्यार माझ्याजवळ नाही आणि या लेखापुरते त्याची गरजही पडत नाही.

लग्न जमवताना आपल्याकडे मुलाचे कुलशील पाहतात. कूळ म्हणजे तो कोणाचा कोण आणि शील म्हणजे चारचौघांत तो दिसतो-वागतो कसा. संख्येचीही अशीच दुहेरी चौकशी करता येते. ती करून पाहावी, आणि त्या चौकशीला काही अर्थ आहे की तो नुसता रिकामपणाचा उद्योग आहे, हेही ठरवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

जन्म

या संख्येचा जन्म एका साध्या गुणाकारातून होतो.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

असे करत करत नऊ एकांच्या माळेला तिनेच गुणले की आपली संख्या मिळते :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

असे का व्हावे? शाळेत शिकवल्याप्रमाणे हा गुणाकार उभा मांडून पाहावा. एकाने गुणायचे असल्यामुळे प्रत्येक ओळीत तीच नऊ एकांची माळ येते. फक्त प्रत्येक नवी ओळ एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी झाल्या की उजव्या टोकाच्या उभ्या रकान्यात एकच १ असतो, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असे वाढत मधल्या रकान्यात नऊ एक येतात. पलीकडे पुन्हा आठ, सात, सहा असे उतरत जातात. बारवेच्या एका काठाने पायऱ्या उतराव्यात आणि समोरच्या काठाने चढावे, तशी ही रचना. इथे फक्त आधी चढ आहे आणि मग उतार. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि पायऱ्या शाबूत राहतात.

दहा एकांची माळ घेतली की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा घ्यावा लागतो आणि इमारत ढासळते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ नाहीसा झाला आणि दोन शून्ये शिरली. म्हणून या घराण्यात आपली संख्या शेवटची आणि सर्वांत थोर.

डोंबिवलीचे नाव

या घराण्याला गणितात ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, आणि नाव ठेवणारे गृहस्थ महाराष्ट्रातले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढचे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते आणि देवळालीतच १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

जालन्याहून रेल्वेने मुंबईला जाताना मनमाड गेले, नाशिक रोड गेले की देवळाली लागते. घाट उतरून कल्याण ओलांडले की डोंबिवली. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, आणि स्थानकाच्या ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी संख्यांचे बारसे केले. गाडीची वाट पाहताना आपण बहुतेक जण फलाटावरचे घड्याळ पाहतो.

डेम्लो संख्येचे लक्षण असे : तिचे तीन भाग पडावेत, मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा) असावा, आणि डावा व उजवा भाग मिळवले की त्याच अंकाची माळ यावी. उदाहरणार्थ २५५३. मध्ये ५५, आणि कडेचे २ व ३ मिळून ५. आपल्या संख्येत मध्ये ९ आहे. डावा भाग १२३४५६७८ आणि उजवा ८७६५४३२१. त्यांची बेरीज ९९९९९९९९. लक्षण तंतोतंत जुळते. मात्र नुसता एकांच्या माळेचा वर्ग म्हणजे डेम्लो संख्या असे नव्हे. २५५३ कोणत्याही संख्येचा वर्ग नाही, तरी ती याच गोत्रातली. वर्गांची ही नऊ जणांची ओळ म्हणजे त्या गोत्रातले मानाचे घराणे.

कूळ

आता कुळाकडे वळू. संख्येचे कूळ म्हणजे तिचे अवयव, म्हणजे कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती निर्माण झाली ते. आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे, तेव्हा आधी या माळेचेच अवयव पाडू.

१११११११११ = १११ × १००१००१

हे तोंडी पटते. १११ ही चिठ्ठी तीन ठिकाणी चिकटवली आहे इतकेच. यातील १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

यातील ३, ३७ आणि ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येणार. म्हणजे आपल्या संख्येच्या कुळात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा आहे. सतरा अंकी अवाढव्य संख्या, पण पूर्वज तीनच.

यावरून तिला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या, म्हणजे तिचे विभाजक, किती हेही कळते. ३ एकदाही न घेता किंवा एक ते चार वेळा घेऊन पाच पर्याय. ३७ चे तीन. ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. ही संख्या विषम आली, त्यालाही कारण आहे. विभाजक नेहमी जोडीने असतात, एकाने भागले की भागाकारात त्याचा जोडीदार मिळतो. फक्त पूर्ण वर्गाच्या बाबतीत वर्गमूळ स्वत:च स्वत:चा जोडीदार असते आणि ते एकटे राहते. ज्या संख्येचे विभाजक विषम, ती पूर्ण वर्ग. ज्यांचे सम, त्या नव्हेत.

ग्रीक काळापासून संख्यांचे आणखी एक वर्गीकरण चालत आले आहे. स्वत:खेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज करावी. ती संख्येइतकीच भरली तर संख्या परिपूर्ण, जशी ६, कारण १ + २ + ३ = ६. जास्त भरली तर संपन्न, जशी १२, कारण १ + २ + ३ + ४ + ६ = १६. कमी भरली तर न्यून. आपली संख्या न्यून वर्गात बसते. तिच्या इतर चव्वेचाळीस विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक होते. एवढा डौल असून घर तसे गरिबीचेच!

पेहराव

कुळानंतर शील. संख्या अंकांत लिहिल्यावर जी दिसते, तिच्या त्या रूपावरून कापरेकरांनी अनेक जाती पाडल्या. आपली संख्या उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते, हे तर डोळ्यांनाच दिसते. बाकीच्या तीन जाती तपासून पाहू.

पहिली ‘हर्षद’ संख्या. नाव संस्कृतातले, हर्ष देणारी ती हर्षद. स्वत:च्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद. १८ घ्या : १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. १११११११११ ला ९ ने भाग जाऊन १२३४५६७९ येतात (यात ८ नाही, हे लक्षात यावे), म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१ येतो. तेव्हा संख्या हर्षद ठरली. तिच्या घराण्यातल्या नऊ जणांची मी एकेक करून तपासणी केली. हर्षद निघाले तिघेच : एका एकाचा वर्ग, तीन एकांचा आणि नऊ एकांचा. बाकीचे सहा जण दिसायला तितकेच देखणे असूनही या कसोटीत टिकत नाहीत.

दुसरी ‘स्वयंभू’ संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ + ३ = ५ मिळवले की २८. तेव्हा २३ ही २८ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही होते आणि १०० पासूनही. काहींना एकही नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या संख्या अशा कोणापासूनच होत नाहीत. देवळाच्या गाभाऱ्यातल्या न घडवलेल्या पिंडीला आपण स्वयंभू म्हणतो, तसे कापरेकरांनी यांना स्वयंभू म्हटले. आपली संख्या स्वयंभू आहे का? नाही. तिचा जनक १२३४५६७८९८७६५४२४० हा आहे. त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आपली संख्या येते. दुसरा जनक सापडत नाही. शोध तसा लांबत नाही, कारण सतरा अंकांची बेरीज फार तर १५३ असणार. म्हणजे जनक असला तर तो मागच्या १५३ संख्यांतच असायला हवा, आणि नवाच्या कसोटीने त्यातल्याही बहुतेक आपोआप गळतात.

तिसरी ‘कापरेकर संख्या’. हे नाव जगाने दिले. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा २९७. ५५ चेही तसेच : ३०२५, आणि ३० + २५ = ५५. आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे, तर ही माळ कापरेकर संख्या आहे का? १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे तुकडे करून मिळवू. उत्तर येते ९९९९९९९९९. हवे होते १११११११११, मिळाले त्याच्या बरोबर नऊपट. जात जुळली नाही. पण न जुळतानाही ती अशी नीटनेटकी चुकली.

कापरेकरांचे सर्वांत गाजलेले अपत्य मात्र चार अंकी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, म्हणून १९८१ घेऊ. ९८११ − ११८९ = ८६२२; मग ६३५४; मग ३०८७; मग ८३५२; आणि पाचव्या पायरीला ६१७४. १९४९ साली कापरेकरांनी मद्रासच्या गणित परिषदेत ही गोष्ट मांडली. जगाच्या कोणत्याही गावाचे साल टाका, मुक्काम एकच.

हार्डी यांचा आक्षेप

इथपर्यंत वाचून कोणी विचारील, हे सारे गमतीचे खरे. पण याला गणित म्हणायचे का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण तो विचारणारा माणूस लहान नव्हता. रामानुजन यांची प्रतिभा ओळखून त्यांना केंब्रिजला नेणारे प्रा. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात असल्या अंक-चमत्कारांचा समाचार घेतला आहे. त्यांनी उदाहरण दिले आहे ८७१२ आणि ९८०१ यांचे. पहिली संख्या २१७८ ची चौपट आहे, दुसरी १०८९ ची नऊपट. म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, आणि चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डी यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदरात हे शोभेल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही, कारण त्यातून पुढे कोणताही व्यापक नियम निघत नाही. कापरेकरांच्या कामाकडे भारतातही बरीच वर्षे याच नजरेने पाहिले गेले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. तोवर त्यांनी आपले बरेचसे लेखन स्वत:च पुस्तिकारूपाने छापले होते.

हार्डी यांच्या आक्षेपात तथ्य आहे, हे आधी मान्य करावे. आपल्या संख्येचे जे दोन प्रकारचे गुण वर पाहिले, त्यांत मोठा फरक आहे. बारा आंबे घ्या. त्यांचे तीन-तीनचे चार वाटे पडतात. हे कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत खरे. हा कुळाचा गुण. पण बारा ही हर्षद संख्या आहे (१ + २ = ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो), हे केवळ आपण दहाच्या गटांनी मोजतो म्हणून. आठांच्या गटांनी मोजले असते तर बारा म्हणजे एक आठ आणि चार सुटे, म्हणून ते ‘१४’ असे लिहिले असते; १ + ४ = ५, आणि बारा आंबे पाच जणांत सारखे वाटता येत नाहीत. हर्ष नाहीसा झाला! तोच आंब्यांचा ढीग, पेहराव तेवढा बदलला. आपल्या हाताला दहा बोटे आहेत या योगायोगावर जे अवलंबून आहे, त्याला संख्येचा गुण कसे म्हणावे?

सापशिडीच्या फाशांचा जबाब

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सतरा अंकी संख्येजवळच आहे, असे मला वाटते.

आठांच्या गटांनीच मोजून पाहू. त्या पद्धतीत घरांच्या किमती १, १०, १०० अशा नसून १, ८, ६४, ५१२, ४०९६ अशा असतात. तिथे ‘१११’ म्हणजे ६४ + ८ + १ = ७३. आपल्या पद्धतीत ७३ चा वर्ग ५३२९. या अंकांत कसलाही डौल नाही. आता ५३२९ आठांच्या पद्धतीत लिहू. ४०९६ एकदा गेले, उरले १२३३; ५१२ दोनदा, उरले २०९; ६४ तीनदा, उरले १७; आठ दोनदा आणि एक सुटा. म्हणजे ‘१२३२१’!

पायऱ्या परत आल्या. पेहराव बदलला तरी हा गुण गेला नाही. सोळा आण्यांचा रुपया होता तसे सोळांच्या गटांनी मोजा किंवा डझनाने मोजा. एकांच्या माळेचा वर्ग चढून उतरणारच. कारण हातचा येईपर्यंत रकान्यांत किती एक जमतात, एवढाच तो प्रश्न आहे, आणि रकान्यांतले एक मोजताना दहाचा संबंध येतच नाही. दहाचे काम एकच : इमारत कुठे ढासळणार ते ठरवणे. आपल्या पद्धतीत नऊ एकांपर्यंत ती टिकते, आठांच्या पद्धतीत सात एकांपर्यंत, बारांच्या पद्धतीत अकरा एकांपर्यंत.

आता सहा एकांचा वर्ग पाहा : १२३४५६५४३२१. सापशिडीचे दोन फासे एकदम टाका. दोनचे दान एकाच प्रकारे पडते (१ आणि १), तीनचे दोन प्रकारे, चारचे तीन, असे वाढत सातचे सहा प्रकारे. मग आठचे पाच, नऊचे चार, आणि शेवटी बाराचे एका प्रकारे. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. संख्येचे अंक आणि फाशांची दाने एकच आहेत! हा योगायोग नव्हे. पहिल्या माळेतला एक आणि दुसऱ्या माळेतला एक यांची गाठ ज्या रकान्यात पडते, ती जागा दोघांच्या घरांच्या बेरजेवरून ठरते, आणि दोन फाशांच्या दानातही नेमकी बेरीजच होते. म्हणून सात इतक्या वेळा का पडतात हे समजले की मधला अंक सर्वांत मोठा का हेही समजते. आपल्या सतरा अंकी संख्येत नऊ तोंडांच्या दोन फाशांचा सगळा हिशेब लिहिलेला आहे. अशा फाशांची एकूण दाने ९ × ९ = ८१, आणि तिच्या अंकांची बेरीज तीच. संभवनीयतेचे शास्त्र याच प्रकारच्या मोजणीतून पुढे वाढले.

चमत्कार आणि नियम यांतली रेषा अशी ‘का?’ या एका शब्दावर असते. ८७१२ ला तो विचारला तर हार्डी यांच्या मते फारसे हाती लागत नाही. आपल्या संख्येला विचारला तर एका नियमापर्यंत जाता येते, आणि त्या वाटेवर कोणाच्या बोटांची संख्या आड येत नाही. कोणता चमत्कार आपल्याला नियमापर्यंत नेईल, हे वरून दिसत नाही. म्हणून कोणीतरी आधी चमत्कार गोळा करावे लागतात.

कापरेकरांनी गोळा केलेल्यांपैकी किती तरी पुढे इतरांनी उचलले. हर्षद संख्यांचेच पाहा. ८, ९, १० अशा लागोपाठ हर्षद संख्या किती येऊ शकतात? कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की लागोपाठ एकवीस कधीच येऊ शकत नाहीत. वीस येतात, आणि अशा विसांच्या रांगा अनंत आहेत. पण त्यातली सर्वांत पहिली रांगही इतकी दूर आहे की तिथल्या संख्येत ४४ अब्जांहून अधिक अंक असतात. आपली सतरा अंकी संख्या तिच्यापुढे मुंगीही नव्हे. एकांच्या माळांचेही तसेच आहे. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या माळा मूळ संख्या आहेत, त्यांचे तुकडे पडत नाहीत. अशा माळा अनंत आहेत का, याचे उत्तर अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे बालवाडीतले मूल जी संख्या लिहू शकते, तिच्याविषयीचा प्रश्न जगातल्या विद्यापीठांना सुटलेला नाही.

रामानुजन आजारी असताना हार्डी त्यांना भेटायला गेले ती १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीने, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हार्डी यांना तो आकडा नीरस वाटला. रामानुजन यांनी तत्काळ सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. कापरेकरांच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गुण दिसतो. १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९. संख्या हर्षद आहे, आणि भाजक व भागाकार एकमेकांचे उलटे आहेत. हा गुण पेहरावाचा की कुळाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांना नेहमी वाटते की ज्ञान म्हणजे मोठी प्रयोगशाळा, मोठे ग्रंथालय, मोठे शहर. त्या गोष्टी हव्यातच. त्यांची मागणी सोडू नये. पण देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने बत्तीस वर्षे नोकरी सांभाळून जे केले, त्याला कागद, पेन्सिल आणि गाडी येईपर्यंतचा वेळ पुरला. आपल्याजवळ यातले काय कमी आहे?

जाता जाता एक काम. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून मिळवावे. उत्तर पाहून आनंद झाला तर तिथेच थांबू नये, ‘का?’ असे विचारावे, आणि १४२८५७ ला ७ ने गुणून पाहावे.